भांडण नंतर, आधी चावी

सुनंदाच्या धाकट्या मुलीच्या लग्नपत्रिकेत तळाशी छापलं होतं, 'आपली उपस्थिती हाच आहेर'. फोनवर मात्र तिने माझ्याकडे रोखठोक आहेर मागितला. "मंजू, तू गाडी घेऊन येणारच आहेस. येताना काष्टीवरून माझ्या भावाला आण. आणि वाटेत काही झालं तरी त्याला गाडीतून खाली उतरू द्यायचं नाही."

सुनंदा आणि मी पुण्याच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. पुढे ती लग्न होऊन शेवगावला गेली, मी दापोलीला परत येऊन कलमांची रोपवाटिका काढली. तिचा थोरला भाऊ भानुदास, आमचा भानुदादा, मला तेव्हापासून माहीत. बहिणीला खाऊचा डबा घेऊन तो सकाळी वसतिगृहाच्या फाटकाशी यायचा, तिथे रिक्षावाल्यांचं भांडण लागलेलं असायचं, ते सोडवायला जायचा आणि डबा आम्हाला संध्याकाळी मिळायचा. रस्त्यावरचं भांडण दिसलं आणि भानुदादा पुढे निघून गेला, असं आजवर झालेलं नाही.

तेव्हा आम्ही हसायचो. पण सुनंदाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात ते हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. मुलीला मांडवात मामाने आणायचं आणि अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी मामाने उभं राहायचं, ही रीत कोकणात काय नि देशावर काय, एकच. मामा भल्या पहाटे मोटारसायकलवर निघाले होते. तिसगावाजवळ एक जीप आणि कांद्याची पिकअप एकमेकांना घासली. मामा थांबले, पंच झाले, कडुलिंबाच्या झाडाखाली निवाडा मांडून बसले. ते शेवगावला पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी एक चुलत मामा उभे राहिले होते. भानुदादाबरोबर जीपवाला आणि पिकअपवाला दोघेही आले होते, समेट झालेले. दोघे पोटभर जेवून गेले.

त्याला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर दर भाऊबिजेला भानुदादा येतो, ओवाळून घेतो, उभ्या उभ्या चहा पितो आणि निघतो. पूर्वी आठ-आठ दिवस मुक्काम करणारा माणूस एक रात्रही राहत नाही. त्याला लाज वाटते म्हणून तो राहत नाही आणि तिचा राग गेलेला नाही म्हणून ती आग्रह करत नाही. मला दोघांचाही राग यायचा, पण दापोलीत बसून रागावण्याला काही अर्थ नसतो.

काष्टी, शनिवार

दापोली ते काष्टी या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण आमच्याकडे रस्तेच इतके वाकडे आहेत की माणसाला वाकडं वागायला जागा उरत नाही. वळणावर हॉर्न द्यायचा, चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, समोरून एसटी आली की कडेच्या दगडी गडग्याला चिकटून श्वास रोखायचा. देशावर रस्ता सरळ असतो. मग माणसं ती कसर भरून काढतात.

शनिवारी काष्टीचा बाजार, तोही जनावरांचा. गावाच्या अलीकडेच माझ्या पुढे एक मोटारसायकल आली. चालवणारा पुढे, बायको मागे, आणि दोघांच्या मध्ये एक शेळी, जिच्या कानांना वारा लागू नये म्हणून मफलर बांधला होता. नवऱ्याचं हेल्मेट त्याच्या कोपरात अडकवलेलं. तिघांत डोकं झाकलेली ती एकटी शेळीच. तिच्या मागून एक गृहस्थ मोटारसायकल चालवत होते आणि डाव्या हातात दोर धरून शेजारून एक बैल पळवत होते. बैल शिस्तीने रस्त्याच्या कडेने जात होता, गृहस्थच मधून चालले होते.

बाजाराच्या तोंडाशी दोन पिकअप समोरासमोर आल्या, खिडकीला खिडकी लावून थांबल्या, आणि दोन्ही ड्रायव्हरांनी एकमेकांना तंबाखू दिली. मी हॉर्न वाजवला. एकाने मान बाहेर काढून माझ्याकडे मायेने पाहिलं आणि म्हणाला, "ताई, लई दिसानं भेटलाय वो." मी इंजिन बंद केलं आणि शेजारच्या पालातून गोडीशेव घेऊन खात बसले. गुळाची ती जाड, कडक शेव संपत आली तेव्हा त्यांची तंबाखूही मळून झाली होती.

भानुदादा घराच्या ओट्यावर वाटच बघत होता. साठी ओलांडलेला उंच माणूस, पांढरी मिशी, आवाज असा की शेतातून हाक मारली तर बाजारात ऐकू यावी. वहिनी शहाण्या, दोन दिवस आधीच मुलाला आणि सुनेला घेऊन एसटीने शेवगावला गेल्या होत्या. शेजारणीने आमच्यासाठी हुलग्याचे शेंगोळे आणून दिले. हुलगे म्हणजे आमचे कुळीथ. कुळिथाची पिठी खाऊन वाढलेल्या मला वाटलं होतं, कुळीथ मला पुरता माहीत आहे. पण लसणाच्या झणझणीत रश्श्यात उकळलेल्या त्या पिठाच्या वळ्या खाताना डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

खुंटीवर त्याचे लग्नाचे कपडे टांगलेले होते, कडक इस्त्री केलेले, वर वर्तमानपत्र घातलेलं.

"गुरवारपास्नं टांगल्यात," तो म्हणाला. "ताई, मी काय मुद्दाम उतारतो का? भांडान दिसलं की पाय आपसूक खाली जातो. पन ह्या येळंला चुकून चालायचं न्हाई. थोरलीचं हुकलं. ही धाकटी. तिसरी भाची न्हाई मला."

एवढं बोलून तो उठला आणि उगाचच कपड्यांवरचं वर्तमानपत्र सारखं करू लागला. उद्या या माणसाला हातपाय बांधून का होईना वेळेवर पोचवायचा असं मी ठरवलं.

काष्टी ते नगर, रविवारी सकाळी

हातपाय बांधावे लागले नाहीत. माझ्या गाडीला मागच्या दारांसाठी लहान मुलांचं लॉक आहे, ते लावलं की दार आतून उघडत नाही. मी ते लावलं आणि म्हटलं, "दादा, मागे ऐसपैस बसा. कपडे चुरगळणार नाहीत." तो मुकाट बसला. फेटा मांडीवर घेतला, तान्ह्या मुलासारखा.

दिवस उसाच्या हंगामाचे. रस्त्यावर दर थोड्या वेळाने उसाचा एक डोंगर सरकत असायचा. ट्रॅक्टर, त्याला एक ट्रॉली, त्या ट्रॉलीला दुसरी, आणि दोन्हींच्या बाहेर दोन्ही अंगांनी लोंबणारे ऊस. ड्रायव्हर एक पाय मडगार्डवर टाकून तिरका बसलेला, डोक्यावर दोन कर्णे, आणि त्यातून अख्ख्या तालुक्याला ऐकू जाईल असं गाणं. मागे दिवा नाही, लाल फडकं नाही.

"रात्री हा दिसणार कसा कोणाला?" मी विचारलं.

"दिसायला कशाला पायजे? ऐकू येतोय की," भानुदादा म्हणाला.

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला त्या ट्रॉलीला बिलगला, चालत्या गाडीवरून एका हाताने ऊस ओढून काढला, दातांनी सोलायला लागला आणि चोथा वाऱ्यावर सोडून दिला. तो माझ्या काचेवर येऊन बसला. मी वायपर चालू केला तर भानुदादा मागून म्हणाला, "ऊस गोड दिसतोय."

मग एक जुनी जीप आली. तिचा उजवा इंडिकेटर अखंड लुकलुकत होता. मी बिचारी मागे मागे, आता वळेल, मग वळेल. कोळगाव गेलं तरी वळली नाही. "तो इंडिकेटर न्हाई," भानुदादाने खुलासा केला, "त्येची वायरच तशी हाय. दिवाळीपास्नं चालूय. खरा वळायचा आसला म्हंजी हात काढंल." आणि मोटारसायकलवाले वळताना पाय काढतात. डावीकडे जायचं तर डावा पाय लांब करायचा, उजवीकडे तर उजवा. दोन्ही पाय एकदम बाहेर आले तर काय समजायचं, ते भानुदादाने मी विचारण्याआधीच सांगितलं. "त्येचा ब्रेक लागंना. त्येला जागा द्या." मी दिली. गृहस्थ दोन्ही पाय फरफटवत माझ्या पुढून गेले आणि एका कडब्याच्या गंजीत सुखरूप थांबले.

नगर जवळ आलं. पाट्यांवर अहिल्यानगर, लोकांच्या तोंडी अजून नगरच. चौपदरी रस्ता लागला आणि मी सुटकेचा श्वास टाकला, तोच समोरून, माझ्याच बाजूने, दुधाचे कॅन लावलेल्या तीन मोटारसायकली भरदिवसा दिवे लावून आल्या. मी करकचून ब्रेक दाबला. त्यातल्या पुढच्याने जाता जाता माझ्याकडे अशा काळजीने पाहिलं की क्षणभर मलाच वाटलं, मी चुकीच्या बाजूने चाललेय.

शहरातल्या एका चौकात मी सिग्नलला उभी होते. म्हणजे मी एकटीच उभी होते, बाकी सगळे माझ्या दोन्ही बाजूंनी वाहत होते. त्यात एक जीप आणि एक स्कूटर एकमेकांना लागली. आमच्याकडे अशा वेळी माणसं आधी एकमेकांच्या वाडवडिलांकडे जातात. इथे दोघांनीही तोंड उघडण्याआधी हात घातला तो चावीला. स्कूटरवाल्याने खिडकीतून हात घालून जीपची चावी काढली, जीपवाल्याने खाली उतरून स्कूटरची. आपापल्या मुठीत दुसऱ्याची चावी घट्ट धरली, आणि मग दोघे निवांत भांडायला लागले.

मागच्या दाराचा खटका वाजला. पुन्हा वाजला.

"ताई, दार अडाकलंय."

"बिघडलंय ते," मी म्हटलं आणि हिरवा दिवा लागण्याचीही वाट न बघता गाडी काढली. पहिला नियम मी तिथे मोडला.

बराच वेळ तो मान वळवून चौकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दोगं बी शाने हायत, मिटंल त्यांचं. आमचे वडील सांगायचे, भांडान नंतर, आधी चावी. चावी हातात आसली की मानूस पळत न्हाई. पळत न्हाई म्हंजी बोलतो. आन् बोलला की मिटतंच."

करंजी घाट

भिंगार सोडल्यावर उन्हं वर आली. उसाचा हिरवा पट्टा मागे राहिला, खुरटी बाभळ आणि काढणीला आलेली ज्वारी सुरू झाली. करंजीच्या घाटाला आमच्या घाटांच्या पंगतीत बसवायला मन होत नाही, पण घाट तो घाट. माझ्या जिवात जीव आला. इथे तरी मला येतं ते चालेल, असं वाटलं.

चढणाऱ्याला वाट द्यायची म्हणून मी एका वळणावर थांबले. खालून येणाऱ्या ट्रकवाल्याला ते इतकं नवीन होतं की तोही थांबला. मी हाताने 'या' म्हटलं, त्यानेही हाताने 'या' म्हटलं. आमचं हे आगतस्वागत चाललेलं असताना माझ्या मागचे चार जण आम्हा दोघांच्या मधून निघून गेले. शेवटी ट्रकवाला माझ्याजवळून जाताना खिडकीतून विचारून गेला, "गाडी बंद पडली का ताई?"

त्याच्यापुढच्या वळणावर एक वडाप जीप, माणसं कोंबून नेणारी, भर घाटात उलटी मागे येताना दिसली. तिच्या टपावर बसलेल्या आजोबांची टोपी उडाली होती. जीप मागे येतेय, आजोबा वरून हात करून दिशा दाखवताहेत, आणि मागच्या सगळ्या गाड्या एकही शब्द न बोलता आणखी मागे सरकताहेत. टोपी मिळाली, आजोबांनी झटकून डोक्यावर ठेवली आणि वाहतूक पुन्हा सुरू झाली. हॉर्न कोणीही वाजवला नव्हता. आमच्याकडे टोपी गेली ती गेलीच म्हणून सोडून दिली असती, हे मला मान्य करावं लागलं.

तिसगाव आलं. भानुदादा पुढे वाकून बसला. रस्त्याच्या कडेला एक मोठा लिंब होता, खाली दगडी पार.

"तो बगा," तो म्हणाला. "हितंच."

लिंब मागे पडेपर्यंत त्याने त्याच्याकडे पाहिलं आणि नंतर मांडीवरचा फेटा उचलून डोक्यावर घातला. शेवगाव अजून बरंच लांब होतं.

अमरापूरच्या पुढे

लग्नाची तिथी दाट होती. नगरपासून आम्ही तीन परण्यांना वाट दिली होती. परण्या म्हणजे नवरदेवाची मिरवणूक. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो आणि तिथून मांडवात येतो. मारुती ब्रह्मचारी, त्याच्या पाया पडून लग्नाला जाणं हे जरा त्याला चिडवण्यासारखंच आहे, पण तो बिचारा सहन करतो.

अमरापूर ओलांडलं आणि सुनंदाचा फोन आला. "कुठे आहात? नवरदेव मारुतीला गेलाय. तो परतला की लगेच अक्षता. भटजींना पुढे दुसरं लग्न आहे, थांबायला तयार नाहीत. दादा आहे ना गाडीत?"

"आहे," मी म्हटलं. "पोचतोच आहोत." कार्यालय शेवगावच्या अलीकडे, याच रस्त्यावर होतं.

फोन ठेवला आणि समोर चौथी परण्या आली.

सगळ्यात मागे डीजेचा टेम्पो, त्याच्यावर माणसापेक्षा उंच कर्णे. त्याच्या पुढे रस्ताभर पसरून नाचणारी पोरं. त्यांच्याही पुढे, धुरळ्यात, आरशांचा झगमगता पट्टा कपाळाला बांधलेला घोडा मधूनच मान वळवायचा. घोड्यावर एक गुलाबी फेटा आणि फुलं एवढंच दिसत होतं. मिरवणूक पुढे सरकत नव्हती, नुसती जागच्या जागी उकळत होती.

वाचणाऱ्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही. भानुदादाने नवरदेव बघितलेलाच नव्हता, कारण साखरपुड्याला तो लाजेने गेला नव्हता. मी तर दापोलीची. आणि घाईत, रागात माणसाला समोरचं दिसत नाही, हे सकाळपासून आम्ही बघतच आलो होतो.

मी हॉर्न वाजवला. दोन पोरं वळली आणि माझ्या हॉर्नच्या ठेक्यावर नाचायला लागली. मी उजवीकडून जायला बघितलं, तर टेम्पो उजवीकडे आला. डावीकडे घेतली, टेम्पो डावीकडे. तो ठेक्यावर झुलत होता. डीजेचा ड्रायव्हरही नाचायला उतरला होता आणि टेम्पो चालवत होते एक जाडजूड, पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे, मान डोलावत. माझं डोकं फिरलं. मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन दापोलीत कधी न वापरलेले शब्द वापरले. गाण्यात ते कोणालाच ऐकू गेले नाहीत.

"ताई," मागून भानुदादा म्हणाला, "दार उगडा."

"बिघडलंय ते."

"बिगाडलेलं न्हाई. तुमी लॉक लावलंय. काष्टीपास्नं म्हाईत हाय मला." तो शांतपणे बोलत होता. "मला वाटलं, आसू द्या. मला सोताला तरी कुटं उतरायचं हुतं? पन आता उतरू द्या. पंच म्हनून न्हाई, मामा म्हनून उतारतो."

मी सुनंदाला दिलेला शब्द आठवला. मग टेम्पो पुन्हा डावीकडे झुलला. मी खाली उतरले आणि माझ्या हाताने त्याचं दार उघडलं.

तो लांब टांगा टाकत टेम्पोच्या खिडकीशी गेला. एक हात उंच करून पाहुण्यांना राम राम केला. पाहुण्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून जोडले. तेवढ्यात भानुदादाचा दुसरा हात आत गेला आणि बाहेर आला. टेम्पो थांबला. गाणं जनरेटरवर चालू होतं, त्यामुळे नाचणाऱ्यांना पत्ताही नाही.

"चला," गाडीत उडी मारत तो म्हणाला. "चालती गाडी आडवी येती. हुबी येत न्हाई."

मी साइडपट्टीवर गाडी उतरवली. एक चाक मातीत, एक डांबरावर, डावीकडे बाभळीचे काटे आणि उजवीकडे नाचणारी पोरं, मध्ये हॉर्नवर हात ठेवलेला. घोड्याच्या पुढे गाडी घातली तेव्हा मी डावा इंडिकेटर लावून उजवीकडे वळले. भानुदादा मागून म्हणाला, "आता जमाय लागलं तुमाला."

शेवगाव

कार्यालयाच्या फाटकात मी गाडी आडवीच सोडली. चावी तशीच राहिली. सुनंदा दारात उभी होती.

"आलास?" ती म्हणाली.

"आलो," तो म्हणाला.

लाऊडस्पीकरवर कोणीतरी घसा खाकरला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन स्टेजवर यावे, अशी नम्र विनंती." भानुदादा आत गेला आणि पिवळ्या साडीतल्या भाचीला हाताला धरून घेऊन आला. भरल्या मांडवातून चालताना त्याने इकडेतिकडे कुठेच पाहिलं नाही. मी पाहिलं. सुनंदा तोंडात पदर धरून रडत होती, आणि मलाही आवरेना.

आता नवरदेव तेवढा यायचा होता. आणि तो आला. ना डीजे, ना पोरं. टापांचा टप टप आवाज, चार वडीलधारी माणसं, आणि कपाळावर आरशांचा झगमगता पट्टा बांधलेला घोडा.

मी भानुदादाकडे बघितलं. त्याचा हात सावकाश सदऱ्याच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. मांडवात कुजबुज पसरत होती. कोणी वेडा म्हातारा टेम्पोची चावी घेऊन पळाला, डीजे रस्त्यातच अडकलाय, दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्यात, म्हणून नवऱ्याला तसाच पुढे आणला. भानुदादाने फेटा भुवयांपर्यंत खाली ओढला.

अंतरपाट धरला. अलीकडे भाची आणि तिच्या पाठीशी भानुदादा. पलीकडे नवरदेव आणि त्याच्या पाठीशी, रिवाजाप्रमाणे, नवरदेवाचा मामा. मंगलाष्टकं चालू होती, अक्षता उडत होत्या, आणि भानुदादा कापडाकडे असा बघत होता की ते कधीच दूर होऊ नये. शेवटचं 'सावधान' झालं. अंतरपाट दूर झाला. नवरा-नवरीने एकमेकांना बघितलं आणि दोन मामांनीही एकमेकांना बघितलं. पलीकडचे मामा जाडजूड होते, पांढऱ्या कपड्यांतले.

मला वाटलं, संपलं. आता हे लग्न नाही, पंचायत. पण हार घालून झाले आणि लाऊडस्पीकर म्हणाला, "दोन्हीकडच्या मामांची भेट होईल." टोपी-टॉवेल झाले, नारळ झाले आणि दोघांनी गळाभेट घेतली. एवढी लांब गळाभेट मी कुठल्याही लग्नात बघितलेली नाही. पलीकडचे मामा भानुदादाच्या कानात काहीतरी सांगत होते, आणि भानुदादाचा हात आपल्या खिशातून त्यांच्या खिशात गेला.

पंगतीत बुंदी आणि वांग्याच्या भाजीवर मी त्याला गाठलं. "काय म्हणाले ते?"

"म्हनले, पाव्हनं, लई उपकार झाले. भाचा वरडून वरडून सांगत हुता, आवरा म्हनून, पन गडी आयकनात. टेम्पो हुबा ऱ्हायला, पोरं त्येच्यापाशीच नाचत ऱ्हायली, तवा कुटं घोडा मोकळा झाला. तुमी चावी नेली न्हसती तर अक्षता दिवे लागनीलाच पडल्या आसत्या." भानुदादाने मठ्ठ्याचा घोट घेतला. "म्हंजी मी आलो म्हनून लगीन येळंवर लागलं. सुनंदीला सांगा तुमी. मी सांगितलं तर खरं वाटायचं न्हाई."

मला अंधार पडायच्या आत घाट चढून नगरला मुक्काम करायचा होता, आणि भानुदादा माझ्याबरोबर परत येणार होता, नेहमीसारखाच. आम्ही फाटकाशी आलो. गाडी तशीच आडवी उभी होती. चावी जागेवर नव्हती.

मी पर्स पालथी घातली, सीटखाली हात घातला. शेवटी वर बघितलं तर सुनंदा पायरीवर उभी. तिच्या पदराच्या टोकाला एक गाठ होती आणि गाठीतून माझ्या चावीचं काळं प्लास्टिक दिसत होतं.

"गाडी फाटकात आडवी कोणी लावली?" तिने मला विचारलं, पण बघत होती ती भावाकडे.

"सुनंदे, चावी दे," भानुदादा म्हणाला. "ताईंला उशीर व्हतोय. काय भांडायचं आसंल ते भाऊबिजंला भांड."

"भांडण नंतर," सुनंदा म्हणाली. "आधी चावी. माझ्या घरी तू मुक्कामाला राहिलास की देईन."

इतकी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चाव्या खिशात घालणारा तो माणूस त्या गाठीकडे बघत उभा राहिला. मग त्याने डोक्यावरचा फेटा काढला, पायरीवर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसला. सुनंदाने पदर खोचला आणि त्याच्या पलीकडे बसली.

चावी मला मंगळवारी मिळाली.